डिकीतले दहा इंच

गाडीसाठी सबवूफर, म्हणजे फक्त खालचे, घुमणारे स्वर वाजवणारा स्पीकर, घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो 'किती इंची?' हा, आणि त्याला उत्तर देता आले नाही, तर ते द्यायला आजूबाजूचे सगळेच पुढे सरसावतात. माझी मागणी तशी माफक होती. गाडीत तबला लावला की डग्गा डग्ग्यासारखा ऐकू यावा, त्याचा घुमारा उमटावा, मनगटाने घासून काढलेली मींड कळावी आणि थाप थांबली की आवाजही थांबावा, एवढेच मला हवे होते. दारांतल्या मूळच्या स्पीकरांतून तो कोणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोटे आपटत असल्यासारखा ऐकू येई.

नाना पेठेतल्या दुकानात ८, १०, १२ आणि १५ इंची वूफर चढत्या भाजणीने एका फळीवर ठोकलेले होते आणि विक्रेता बटणे दाबून एकेक वाजवून दाखवत होता. उघड्या फळीवरच्या वूफरवरून गाडीतल्या आवाजाची परीक्षा होऊ शकत नाही, कारण कोनच्या, म्हणजे वूफरच्या मागेपुढे हलणाऱ्या पडद्याच्या, पुढून निघालेला आणि मागून निघालेला आवाज खालच्या पट्टीत एकमेकांना खाऊन टाकतात. बॉक्स लागतो तो त्यासाठीच. हे मी बोलून दाखवताच तो म्हणाला, "साहेब, बारा इंची घ्या. काच हलली पाहिजे." काच हलू नये अशीच माझी इच्छा असल्याचे ऐकून 'मग घेताय कशाला?' हा प्रश्न त्याने केवळ सभ्यपणामुळे गिळला. खोक्यावर १२०० वॅट असे ठसठशीत छापलेले होते. १४ व्होल्टच्या हिशेबाने तेवढ्या वॅटला ८५ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. म्हणजे दिवे, एसी आणि इंजिन वाऱ्यावर सोडून माझ्या छोट्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारे यंत्र, एकट्या डग्ग्याच्या सेवेला जुंपावा लागला असता. आरएमएसचा, म्हणजे सतत पेलवेल तो खरा आकडा विचारला, तेव्हा खोक्याच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत २५० असा सापडला. एवढ्या चौकशीत मी साहेबाचा 'काका' झालो होतो.

मेहुण्याचे मत याच्या नेमके उलट होते. "दाजी, आठ इंचीच घ्या. मोठा कोन जड, म्हणून सुस्त. छोटा कसा टाइट वाजतो!" हा समज भलताच लोकप्रिय आहे. वास्तविक ४० हर्ट्झचा स्वर काढायचा तर कोन कितीही इंची असो, त्याला सेकंदाला ४० वेळाच मागेपुढे व्हायचे असते. आठ इंची आहे म्हणून काम लवकर उरकून घरी जाता येत नाही. उलट १२ इंची वर्तुळाचे क्षेत्रफळ ८ इंचीच्या सव्वादोनपट भरते, त्यामुळे तेवढीच हवा ढकलायला लहान कोनला सव्वादोनपट लांब धावावे लागते, आणि ही धाव त्याच्या आवाक्याबाहेर गेली की आवाज फाटतो. मी हे सगळे कागदावर वर्तुळे काढून समजावले. मेहुण्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि तो म्हणाला, "तरी पण दाजी, आठ इंची टाइटच."

खरा निकाल मात्र डिकीत लागायचा होता. बंद बॉक्समध्ये १० इंची वूफरला साधारण १५ ते २० लिटर जागा पुरते, १२ इंचीला ३० लिटरच्या आसपास लागते, आणि बॉक्सला पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करायला नळीसारखे भोक, ठेवायचा म्हटले तर १२ इंचीचा हिशेब ५० लिटरच्या पुढे सरकतो. शिवाय १८ मिलिमीटर एमडीएफच्या, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीच्या, भिंतींची जाडी वेगळी. आमच्या डिकीत सीएनजीची टाकी आधीच आडवी पसरलेली असून तिच्यापुढे जी चिंचोळी पट्टी उरते, तिच्यावर सौ.चा वहिवाटीचा हक्क आहे. "अहो, तुमचा तो बॉक्स खुशाल ठेवा, पण देवगडहून येताना आंब्याची पेटी कुठे बसणार ते आधी दाखवा." मी टेप घेऊन डिकीत वाकलो. पेटीने पोर्टच्या बॉक्सचा आणि त्यापाठोपाठ १२ इंचीचाही निकाल लावला.

यात माझे काही नुकसान झाले असे मात्र मला वाटत नाही. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या घरात जाते आणि माझी गाडी, कर कमी बसावा म्हणून अशा गाड्या बांधतात त्याप्रमाणे, चार मीटरच्या आतली आहे. एवढी लहर आत मावत नाही. काचा बंद असल्या की केबिनमधल्या हवेचा दाबच वरखाली होतो आणि जितके खालच्या स्वरांत जावे तितका आवाज आपोआप उचलला जातो. बंद बॉक्सचा आवाज नेमका त्याच पट्टीत उतरत जात असल्यामुळे दोघांचे छान जमते. पोर्टचा बॉक्स ज्या स्वराला जुळवलेला असतो तिथे जोरात बोलतो, आणि मापे अंदाजपंचे धरली असतील तर भजनापासून लावणीपर्यंत सगळे त्याच एका स्वरात घुमवतो.

म्हणून १० इंची वूफर आणि बंद बॉक्स ठरला. बसवणाऱ्या मुलाने गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते ठरवणारा खटका, शेवटपर्यंत पिळून दिला होता, तो मी उतरवला आणि वरचे स्वर वूफरकडे जाऊ न देणारा लो-पास फिल्टर ८० हर्ट्झवर आणून ठेवला. मग नंबरप्लेट तडतडू लागली. तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवल्यावर मागची पार्सल ट्रे बोलू लागली, आणि तिला गप्प केल्यावर डिकीतला जॅक. वूफरची किंमत एकरकमी द्यावी लागते, फोमची मात्र हप्त्याहप्त्याने.

अखेर मी मेहुण्याला शेजारी बसवून तबला लावला. डग्गा असा काही लागला की वूफर मागे आहे हे विसरायला व्हावे. मेहुणा बराच वेळ कान देऊन ऐकत होता. मग तो काळजीने म्हणाला, "दाजी, वूफर चालू आहे ना?" आणि बास वाढवायचा नॉब शोधण्यासाठी त्याने डॅशबोर्डखाली हात घातला. तो नॉब मी जोडूनच घेतलेला नाही.