प्रशिक्षणाच्या फॉर्मवर मीही 'उत्कृष्ट'च लिहायचो

कर्नाटकच्या कृषी खात्यात नोकरी केली, बरीचशी सीमेवरच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात. आता निवृत्त आहे, त्यामुळं स्वतःची फजिती सांगायला हरकत नाही.

सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचं प्रशिक्षण मी तीनदा घेतलं. तिन्ही वेळा पडद्यावर चित्रं, दुपारी जेवण आणि संध्याकाळी फॉर्म. 'प्रशिक्षण कसे वाटले?' तिन्ही वेळा 'उत्कृष्ट'. गावाकडची बस गाठायची घाई असलेला माणूस दुसरं काय लिहिणार?

मग मृगाच्या तोंडावर एका मावशींच्या अंगणात प्रात्यक्षिक ठेवलं. आधी बुरशीनाशक, जिवाणू खत शेवटी, हा क्रम मला तोंडपाठ. गुळाचं पाणी केलं, बियाण्यावर ओतलं आणि दोन्ही हातांनी रगडून चोळलं. बघता बघता दाणे फुगले, सुरकुतले आणि सालं माझ्या तळव्याला चिकटून आली. मावशी म्हणाल्या, "सायेब, बी सोललासा की वो! आता डाळ करून खायाची व्हय?"

सोयाबीनचं साल पातळ असतं. पाणी बेतानं शिंपडायचं, पोत्यावर पसरून हलक्या हातानं वरखाली करायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. हे वाक्य पडद्यावर असेलही, पण तीन प्रशिक्षणांत बियाण्याला माझा हात एकदाही लागला नव्हता. ते बियाणं मी माझ्या पैशानं भरून दिलं, पण त्याची नोंद कुठल्या अहवालात होणार?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन माणसानं 1959 मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकला का, कामात बदल झाला का, त्याचं फळ काय. आमचं मूल्यमापन पहिल्या पायरीवरच बसकण मारतं. आता तर फॉर्म मोबाईलवर आलाय. तो भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून व्याख्यान चालू असतानाच मंडळी पाच तारे देऊन मोकळी होतात.

शेतकऱ्यांकडून मत घेतात ना, असं कुणी म्हणेल. घेतात की. जिल्ह्याहून आलेले साहेब कन्नडमध्ये विचारतात, आमची मराठी माणसं प्रत्येक प्रश्नाला "हौद्री, हौद्री" (होय जी, होय जी) म्हणतात आणि कागदावर 'समाधानी' उमटतं. यात साहेबांचा दोष नाही. मीही खात्यात आल्यावरच धड कन्नड शिकलो, त्याचा फायदाच झाला. पण सीमाभागात मत विचारायचं तर सोबत मराठी बोलणारा माणूस हवा, एवढं तर कळावं!

माझ्या हातात असतं तर फॉर्म बंदच केला असता. रोहिणी लागली की प्रत्येक प्रशिक्षणार्थीनं शेतकऱ्यासमोर त्याच्याच घरचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळावेत, आठवड्यानं उलगडून कोंब मोजावेत. सत्तर भरले तर पेरा. कमी भरले तर एकरी बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर बियाणंच बदला. हा हिशेब ज्याला शेतकऱ्याशी बोलून पटवता आला, तो पास. पेरणीनंतर पंधरवड्यानं तपासणाऱ्यानं त्याच शेतात जाऊन ओळीतली रोपं मोजावीत. अंतर मोजायची साखळी आणि वही, एवढंच सामान लागतं.

रैत संपर्क केंद्रात, म्हणजे खात्याच्या गावपातळीजवळच्या कार्यालयात, माणसं अपुरी आहेत, कामं डोक्यावरून वाहतात, हे मला कुणी सांगायला नको. सगळी गावं फिरूच नका. होबळीतल्या (तालुक्याच्या एका भागातल्या गावांच्या गटातल्या) शेतकऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाका, पाच उचला.

त्यात आमच्या मावशींची चिठ्ठी निघाली तर मात्र आधी सांगून जाऊ नका. मला तोंडावर बोलल्या त्या ओळखीचा म्हणून. जिल्ह्याचे साहेब येणार कळलं तर चुलीवर चहा ठेवतील आणि समदं ब्येस हाय म्हणतील.