रापण कुठे ओढायची?

मालवणच्या शाळेतील आम्हा वर्गमित्रांच्या गटात गेली दोन-तीन वर्षे एकच वाद पुन्हा पुन्हा निघतो. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मोठ्या कंपन्यांची रिसॉर्ट यावीत की नाहीत, हा तो वाद. काही मित्र म्हणतात की १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यानंतर कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, चिपीचा विमानतळ झाला, पलीकडे गोव्यात मोपाचाही झाला, तरी गावातील मुले अजून नोकरीसाठी मुंबई-पुण्याचीच वाट धरतात. तेव्हा कोणी चारशे खोल्यांचे हॉटेल बांधायला तयार असेल, तर त्याला आडवे जाऊ नये. इतर मित्र शिरोडा-वेळागरच्या भूसंपादनाचा वर्षानुवर्षे रेंगाळलेला प्रश्न पुढे करतात आणि एकदा जमीन गेली की किनाराही गेला, असे बजावतात. कोकणचा कॅलिफोर्निया करण्याची भाषा आम्ही सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकली आहे. अलीकडे कॅलिफोर्नियाच्या जागी कॅरिबियनचे नाव येते, आणि मी कॅनडात राहत असल्यामुळे "तू तिकडे जाऊन आला आहेस, तूच सांग" असा प्रश्न माझ्याकडे येतो. तिथे जे पाहिले, ते गटातल्या चार ओळींत मावणारे नव्हते, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

मी टोरांटोजवळच्या मिसिसागा शहरात सोळा वर्षे राहतो. इथला फेब्रुवारी ज्याने काढला आहे, त्याला इथली माणसे आठवडाभरासाठी दक्षिणेच्या समुद्राकडे का धाव घेतात, हे समजावून सांगावे लागत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत आई आमच्याकडे आलेली होती आणि थंडीने तिचे गुडघे धरले होते, म्हणून पत्नी, दोन मुले, आई आणि मी असे पाच जण जमैकात माँटेगो बेजवळच्या एका ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टमध्ये सात रात्री राहिलो. या पद्धतीत विमान, विमानतळावरून नेणारी बस, खोली, तिन्ही वेळचे जेवण, मधले खाणे, दारू आणि बक्षिसी या सगळ्याचे पैसे घर सोडण्यापूर्वीच भरलेले असतात. पोहोचल्यावर मनगटावर एक पट्टा बांधतात आणि तो आठवडाभर काढायचा नसतो. तुमचे पाकीट तोच आणि आत वावरण्याचा परवानाही तोच. १९५० मध्ये क्लब मेड या फ्रेंच संस्थेने स्पेनच्या मायोर्का बेटावर सुट्टीची पहिली छावणी उभारली, तेथून ही कल्पना निघाली.

या व्यवस्थेला नावे ठेवणारे लेखन मी पुष्कळ वाचले आहे आणि ते मला पटत नाही. माझ्या आईने मालवणजवळच्या देवबाग गावातल्या घरात जवळजवळ पन्नास वर्षे पहाटे उठून आधी चूल आणि मग गॅस पेटवला. त्या सात दिवसांत तिला कोणीतरी बसल्या जागी गरम चहा आणून देत होते आणि आज जेवायला काय करायचे, हा प्रश्न तिला एकदाही पडला नाही. हे सुख खरे आहे आणि ते कोणाला मिळाले तर मला आनंदच वाटेल. तिसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या मांडणीसमोर थांबून तिने थोडी हिरवी पालेभाजी ताटात वाढून घेतली. जमैकात तिला कॅलालू म्हणतात. पहिला घास घेऊन आई म्हणाली, "ही माठाची भाजी." ती खरोखरच माठाच्या कुळातली आहे. शेजारी भाजलेल्या नीरफणसाच्या फोडी होत्या. मळ्यांतील गुलामांना कमी खर्चात पोसता यावे, म्हणून ब्रिटिशांनी १७९३ मध्ये ताहितीहून नीरफणसाची रोपे जहाजाने जमैकात आणली. आमच्याकडे त्याची कापे तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परततात. आईला ते सगळे ओळखीचे वाटले आणि त्या ओळखीनेच बहुधा तिला पुढचा प्रश्न सुचला. संध्याकाळी वाळूवर खुर्ची टाकून बसली असताना तिने विचारले, "हयसर रापण खंय वडतत?"

ज्यांनी रापण पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसे तासन्‌तास ओढत राहतात, तेव्हा जाळे वाळूवर येते. त्यासाठी लांबच लांब मोकळा किनारा लागतो आणि भरपूर हात लागतात. ज्याचा हात दोराला लागला, त्याला मासळीत वाटा मिळतो, मग तो पाहुणा म्हणून आलेला शाळकरी मुलगा का असेना. मीही असा वाटा घरी आणलेला आहे.

आईच्या प्रश्नामुळे माझे लक्ष आमच्या वाळूच्या टोकांकडे प्रथमच गेले. एका टोकाला दगडांचा बांध समुद्रात शिरलेला होता. दुसऱ्या टोकाला नारिंगी बोये बांधलेला दोर पाण्यात पसरला होता. त्याच्या अलीकडे गणवेशातला रखवालदार बसला होता, आणि पलीकडे, कमरेइतक्या पाण्यात, एक माणूस प्लास्टिकच्या टबात शंख आणि लाकडात कोरलेले मासे घेऊन उभा होता. तो पाण्यात उभा होता, कारण वाळूवर पाय ठेवण्याची त्याला मुभा नव्हती. माझी मुलगी दोराजवळ गेली, त्याने तिला एक शंख दाखवला, ती पैसे मागायला माझ्याकडे धावत आली आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की माझ्याजवळ एक नाणेही नाही. तीन दिवसांत पैशाची गरजच पडली नव्हती. मी खोलीतून पाकीट घेऊन येईपर्यंत तो माणूस टब डोक्यावर घेऊन पाण्यातूनच पुढे निघून गेला होता.

मला या मुक्कामातले सर्वांत जास्त हेच आठवते. त्या माणसाला कोणी हुसकावले नाही, कोणी त्याच्याशी उर्मटपणे बोलले नाही. सगळी रचनाच अशी होती की त्याच्या हातातली वस्तू आणि माझ्या पाकिटातले पैसे यांची भेट होऊ नये.

जमैकात हे कायद्याच्या विरुद्ध नाही. तिथला किनारा नियंत्रण कायदा १९५६ चा, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्या सहा वर्षे आधीचा आहे. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा त्या कायद्याने राजसत्तेच्या मालकीचा ठरवला, त्याच्या वापरासाठी परवाने देण्याची सोय केली, पण सामान्य माणसाला तिथे जाण्याचा आणि पोहण्याचा सरसकट हक्क दिला नाही. जमैका बीच बर्थराइट एन्व्हायर्नमेंटल मूव्हमेंट ही लोकांची संघटना आज याच प्रश्नावर न्यायालयात भांडत आहे. मॅमी बेसारख्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या वापरातला किनारा बंद झाला, ही तिची तक्रार आहे. त्याच समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर मात्र सर्व किनारे सार्वजनिक मानले जातात आणि हॉटेलांना हे गृहीत धरूनच धंदा करावा लागतो.

भिंती कशासाठी उभ्या राहिल्या, हेही समजून घेतले पाहिजे. सत्तरच्या दशकात जमैकात राजकीय हिंसाचार वाढला, १९७६ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि पाहुणे येईनासे झाले. पाहुण्याला फाटकाबाहेर जाण्याची गरजच पडू नये, ही तेव्हाच्या हॉटेलवाल्यांची युक्ती होती आणि ती लागू पडली. त्याच दशकाच्या अखेरीस आणि १९८१ नंतर झपाट्याने ही पद्धत तिथे रुजली. ती रुजवणारे बिनीचे उद्योजक परदेशी नव्हते, जमैकाचेच होते. आमच्या गटात "बाहेरची कंपनी" आणि "आपला माणूस" असा जो भेद केला जातो, तो मला म्हणूनच अपुरा वाटतो. आपला माणूससुद्धा भिंत बांधू शकतो.

पाचव्या दिवशी मी एकटाच फाटकाबाहेर पडलो. लाल नंबरप्लेटच्या टॅक्सीत इतर चार उतारूंबरोबर दाटीवाटीने बसून शहरात गेलो आणि पत्र्याच्या छपराखालच्या एका खाणावळीत बोकडाचे मटण आणि भात खाल्ला. त्या रश्शाला हळद-धण्याचा वास होता, कारण १० मे १८४५ रोजी ब्लंडेल हंटर या जहाजातून ओल्ड हार्बर बे येथे उतरलेल्या पहिल्या हिंदी गिरमिट्यांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, पाठोपाठ हे मसाले त्या बेटावर रुळले. खाणावळ चालवणाऱ्या बाईंनी माझ्या मनगटावरचा पट्टा पाहिला आणि सांगितले की पट्टा बांधलेले गिऱ्हाईक त्यांच्याकडे वर्षातून चार-दोनदाच येते. रिसॉर्टच्या फाटकापासून ती खाणावळ टॅक्सीने वीस मिनिटांवर होती.

आमची खोली आवरणाऱ्या बाईंशी मी जे बोललो, तेही सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. अकरा वर्षांची त्यांची नोकरी होती, त्या पगारावर दोन मुले शिकत होती आणि रिसॉर्ट बंद व्हावे, असे त्यांना मुळीच वाटत नव्हते. जमैकाच्या संसदेने २०१९ मध्ये पर्यटनावर पोट असणाऱ्यांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा केला आणि त्यात हॉटेलातील कर्मचाऱ्यांबरोबर टॅक्सीचालक आणि हस्तकलेच्या वस्तू विकणारे यांनाही सामावून घेतले. आमच्याकडे होडीवर पर्यटकांना फिरवणारा किंवा स्कूबासाठी पाण्यात उतरणारा मुलगा साठीनंतर काय खाणार, याचा विचार मी कोणत्याही पक्षाच्या भाषणात ऐकलेला नाही. पण त्याच बाईंनी हेही सांगितले की लहानपणी त्या जिथे पोहायला शिकल्या, ती वाळू आता रिसॉर्टच्या आत आहे आणि त्यांच्या मुलांनी ती कधी पाहिलेली नाही.

माझा मोठा भाऊ आणि वहिनी देवबागला न्याहारी-निवास चालवतात. तीन खोल्या आहेत. वहिनीचे एक म्हणणे मला नेहमी आठवते: "खोली रिकामी रवली तरी चलात, पण जेवूक माणसां येवूक व्हयीत." तिच्या हिशेबात खोलीचे भाडे एका घरात येते, पण जेवणाचे पैसे मासळी विकणारी, नारळ पाडणारा, कोकम देणारे घर आणि भाकऱ्या भाजायला येणारी शेजारीण अशा पाच-सहा घरांत फिरतात. म्हणूनच मला खोल्यांची संख्या हा मुख्य मुद्दा वाटत नाही. चारशे खोल्यांचे हॉटेल आले आणि पाहुणा दिवसातून एकदा जरी गावात जेवायला बाहेर पडला, तर देवबागला ते हवेच असेल. वीस खोल्यांचे आले आणि सगळे आतच मिळाले, तर गावाच्या वाट्याला रहदारी, कचरा आणि आटलेल्या विहिरी येतील. रिसॉर्टला पाठिंबा देणाऱ्या माझ्या मित्रांनी कंपनीला विचारण्याचा पहिला प्रश्न हा आहे की पाहुण्याचे जेवण भाड्यात धरलेले असेल की नाही. आणि विरोध करणाऱ्या मित्रांना माझे सांगणे आहे की "एकही नको" या मागणीत जेवढी शक्ती जाते, तेवढी किनाऱ्यावर जाण्याच्या वाटेच्या हक्कासाठी लावा, कारण तो हक्क आपल्याकडे जमैकापेक्षा भक्कम आहे आणि आपण तो वापरत नाही.

किनाऱ्यावरील बांधकामाचे नियम ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या १९९१ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेतच असे लिहिले होते की दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना किनाऱ्यावर जाता यावे, म्हणून किमान २० मीटर रुंदीची जागा मोकळी ठेवावी. गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, सरकार किनाऱ्यासारख्या नैसर्गिक संपत्तीचे केवळ विश्वस्त असते, या तत्त्वाचा आधार घेऊन ती वाट लोकांसाठी खुली राहिली पाहिजे, असा निकाल दिला. त्यासाठी स्थानिक रहिवासी उभे राहिले होते. दुसरीकडे २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामाला मनाई असलेला पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. बांधकाम पाण्याच्या इतके जवळ येऊ शकते, तिथे वाट कागदावर असणे किती गरजेचे आहे, हे मी त्या नारिंगी बोयांजवळ उभा राहिलो नसतो, तर मला कळले नसते.

परत आल्यावर मी भावाला फोन करून आमच्या घरामागची वाट गावनकाशात आहे का, ते पाहायला सांगितले. सुरूच्या बनातून, दोन गडग्यांच्या मधून ती थेट किनाऱ्यावर जाते आणि आमच्या चार पिढ्या त्याच वाटेने रापणीला गेल्या. भाऊ तलाठ्याकडे जाऊन आला. नकाशात ती वाट नाही. ती दोन खाजगी जमिनींच्या हद्दीवरून जाते आणि त्यांपैकी एका जमिनीचा मालक मुंबईत असतो व ती विकायला काढण्याच्या विचारात आहे. वाटेची नोंद व्हावी आणि हा विषय ग्रामसभेपुढे यावा, असा अर्ज भावाने ग्रामपंचायतीत दिला आहे. आई एप्रिलमध्ये गावी परतली, त्यानंतर तो अर्ज लिहिला गेला. त्यावरची पहिली सही तिची आहे.