हाँग म्युंग-बो यांना ‘अपयशी प्रशिक्षक’ ठरवण्याआधी

दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची सूत्रे जुलै 2024 मध्ये हाँग म्युंग-बो यांच्याकडे दुसऱ्यांदा आली, आणि तेव्हापासून त्यांच्याविषयीचा एक दावा फुटबॉलप्रेमींमध्ये सतत फिरतो आहे. त्याचा आशय असा: हाँग मोठे बचावपटू ठरले ते 2002 च्या विश्वचषकात घरच्या मैदानावर, पंचांच्या मेहेरबानीने, प्रशिक्षक म्हणून त्यांनी स्वतःचे असे काही कमावले नाही, जे मिळाले ते आयत्या संघांमुळे, राष्ट्रीय संघ मिळाला तो ओळखीपाळखीवर, आणि मुळात कोरियाला परदेशी प्रशिक्षकच तारू शकतो. यातला थोडा भाग खरा आहे. तो पुढे करून उरलेला भाग खपवला जातो, म्हणून एकेक विधान सुटे करून तपासणे भाग आहे.

2002 च्या विश्वचषकात इटली आणि स्पेन यांच्याविरुद्धच्या सामन्यांत पंचांचे काही निर्णय कोरियाच्या पथ्यावर पडले, स्पेनचे दोन गोल नाकारले गेले, हे कोणी झाकून ठेवू नये. परंतु तो वाद म्हणजे हाँग यांची कारकीर्द नव्हे. 1992 मध्ये पोहांगच्या संघातून खेळताना पहिल्याच हंगामात ते के लीगचे, म्हणजे कोरियाच्या देशांतर्गत लीगचे, सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले होते. 1994 च्या विश्वचषकात डॅलसला स्पेनविरुद्ध 0-2 अशा पिछाडीवर असताना 85 व्या मिनिटाला त्यांच्या फ्री किकने कोरियाचे खाते उघडले आणि सामना 2-2 असा सुटला. पुढे त्याच शहरात जर्मनीविरुद्ध त्यांनी दुरून मारलेल्या गोलमुळे 0-3 ची पिछाडी 2-3 पर्यंत आली. त्या दिवशी जर्मनीचे दोन गोल युर्गन क्लिन्समन यांनी केले होते. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. चार विश्वचषक आणि देशासाठी 136 सामने ही कमाई एका उन्हाळ्याची नाही.

त्या उन्हाळ्यापुरते बोलायचे तरी, तेव्हाचे डच प्रशिक्षक गुस हिडिंक यांच्या तीन बचावपटूंच्या रचनेत कर्णधार हाँग मधोमध उभे असत आणि उपांत्य फेरीपर्यंतच्या सहा सामन्यांत कोरियाने केवळ तीन गोल स्वीकारले. कोरियातील ग्वांगजूत स्पेनविरुद्धच्या शूटआउटमध्ये गोलरक्षक ली वून-जे यांनी स्पेनच्या होआकिनची पेनल्टी अडवल्यावर पाचवी, निर्णायक पेनल्टी हाँग यांच्या वाट्याला आली, आणि एरवी चेहऱ्यावर भाव न दाखवणारा हा माणूस चेंडू जाळ्यात जाताच हसत, हात पसरून धावत सुटला. स्पर्धेअखेरीस त्यांना कांस्य चेंडू मिळाला. सर्वोत्कृष्ट खेळाडूंच्या पहिल्या तिघांत आशियाचा खेळाडू येण्याची ती पहिली वेळ होती. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात अवघ्या 11 सेकंदांत तुर्कस्तानने केलेला गोल हाँग यांनीच चेंडू गमावल्यामुळे झाला होता. टीकाकारांना हा प्रसंग सहसा आठवत नाही, याचे मला नवल वाटते.

आता ‘आयत्या पिठावर रेघोट्या’ या आरोपाकडे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमधील कांस्यपदक, म्हणजे कोरियन फुटबॉलचे पहिलेच ऑलिंपिक पदक, हे याचे सर्वांत सबळ उत्तर आहे. हाँग यांनी 2009 मध्ये 20 वर्षांखालील संघ हाती घेतला आणि इजिप्तमधील विश्वचषकात त्याला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेले. 2010 च्या चीनमधील ग्वांगझू आशियाई स्पर्धेत वयोमर्यादा 23 असताना त्यांनी भर दिला तो लंडनच्या वेळी वयात बसतील अशा 21 वर्षांखालील मुलांवर. तिथे सुवर्ण हुकले, आणि त्याबरोबर सक्तीच्या लष्करी सेवेतील सूटही हुकली, कारण आशियाई स्पर्धेत ती केवळ सुवर्णविजेत्यांना मिळते. तरीही संघाचा गाभा मोडला नाही. इजिप्तमध्ये कर्णधार असलेला कू जा-चोल लंडनमध्येही कर्णधार होता, आणि जपानविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यातील 2-0 विजयात दुसरा गोल त्याचाच होता.

पहिला गोल पार्क चू-यंग यांचा होता. लष्करी सेवा लांबणीवर टाकल्याबद्दल त्यांच्यावर देशात सडकून टीका होत असताना हाँग पत्रकार परिषदेत त्यांच्या शेजारी बसले आणि हा सैन्यात गेला नाही तर त्याच्या जागी मी जाईन, असे सांगून मोकळे झाले. स्पर्धेत मैदानावर न उतरलेला एकमेव खेळाडू पदकामुळे मिळणाऱ्या लष्करी सवलतीस अपात्र ठरू नये, म्हणून त्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत किम की-ही याला आवर्जून उतरवण्यात आले. खेळाडू या प्रशिक्षकासाठी जीव तोडून का धावत असतील, याचा उलगडा या दोन प्रसंगांतून होतो.

मात्र हाच स्वभाव दोन वर्षांनी अंगाशी आला. 2014 च्या ब्राझील विश्वचषकात कोरियाने रशियाशी 1-1 बरोबरी साधली, अल्जीरियाकडून 2-4 आणि दहा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या बेल्जियमकडून 0-1 असा पराभव पत्करला. क्लबकडून नियमित खेळणाऱ्यांनाच संघात घेऊ, असे हाँग यांनी आधी म्हटले होते, आणि नंतर क्लबमध्ये जवळजवळ न खेळलेल्या पार्क यांना नेले. ही चूकच होती, आणि तिचे खापर त्यांच्यावर फुटले ते योग्यच झाले. पण पात्रता मिळवून देणारे चोई कांग-ही ठरल्याप्रमाणे बाजूला झाल्यावर, म्हणजे जून 2013 मध्ये, स्पर्धेला वर्षही उरले नसताना हाँग यांना नेमले गेले होते, हे सांगितल्याशिवाय हा हिशेब पूर्ण होत नाही. चीनमधील हांगझोउ ग्रीनटाउनचा संघ 2016 मध्ये त्यांच्या हाताखाली खालच्या श्रेणीत गेला. त्याचे समर्थन करण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

उल्सान या कोरियन क्लबविषयीचा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. 2020 च्या अखेरीस हा संघ आशियाई विजेता झाला होता आणि लगेच पुढच्या हंगामासाठी हाँग आले, मग त्यांचे कर्तृत्व कोणते? यात एक गोष्ट वगळलेली असते: उल्सानने देशांतर्गत लीग 2005 नंतर जिंकलेलीच नव्हती, आणि 2019 व 2020 अशी सलग दोन वर्षे प्रतिस्पर्धी क्लब जेओनबुकने त्यांच्या तोंडचा घास काढला होता. हाँग यांच्या पहिल्या वर्षीही तेच झाले. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच जेओनबुकविरुद्ध 0-1 ने मागे असताना मार्टिन आदाम याने भरपाई वेळेत दोन गोल केले, आणि आठ दिवसांनी 17 वर्षांनंतरचे विजेतेपद निश्चित झाले. 2023 मध्ये ते राखले गेले आणि त्या वर्षी लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला किम यंग-ग्वोन, जो 2009 मध्ये इजिप्तला आणि 2012 मध्ये लंडनला हाँग यांच्याच संघात होता. माझ्या मते या प्रशिक्षकाचे मर्म इथे आहे. खेळाडू दोन-तीन वर्षे हाताखाली असले की हाँग संघ उभा करतात. घाईने सोपवलेला संघ त्यांना सावरता येत नाही. ही मर्यादा खरी आहे, पण मर्यादा म्हणजे कर्तृत्वशून्यता नव्हे.

ओळखीपाळखीच्या आरोपात सर्वाधिक तथ्य आहे. कोरियन फुटबॉल महासंघाचे तांत्रिक संचालक परदेशी उमेदवारांना भेटून आले आणि मग रात्री हाँग यांच्या घरी गेले; निवड समितीचे सदस्य राहिलेल्या पार्क जू-हो यांनी प्रक्रियेवर जाहीर टीका केली; क्रीडा मंत्रालयाच्या तपासणीत नियमभंग आढळला, तरी करार रद्दबातल ठरवला गेला नाही. उल्सान सोडणार नाही असे भासवून हाँग हंगामाच्या मध्यातच निघून गेले, त्यामुळे तिथल्या चाहत्यांचा संतापही रास्त होता. परंतु नेमणुकीची पद्धत सदोष असणे आणि नेमलेला माणूस नालायक असणे ही दोन वेगळी विधाने आहेत. सप्टेंबर 2024 मध्ये सोलला पॅलेस्टाइनविरुद्धच्या 0-0 बरोबरीत हाँग यांची हुर्यो उडाली. त्यानंतर तोच संघ तिसऱ्या पात्रता फेरीत सहा विजय आणि चार बरोबरी अशा अपराजित कामगिरीसह 2026 च्या विश्वचषकास पात्र ठरला. घरच्या मैदानावरील बरोबरींत खेळ रटाळ होता, हे मात्र मान्य.

राहिला परदेशी प्रशिक्षकाचा मुद्दा. हिडिंक आणि 2022 मध्ये बाद फेरी गाठून देणारे पोर्तुगीज पाउलो बेंतो यांची नावे घेणारे लोक 2010 मध्ये देशाबाहेर प्रथमच बाद फेरी गाठून देणारे हू जंग-मू कोरियन होते, हे विसरतात. जर्मन उली श्टीलिके यांना 2017 मध्ये पात्रता फेरीतच हटवावे लागले, आणि 2018 मध्ये जर्मनीला 2-0 असे हरवणाऱ्या संघाचे प्रशिक्षक कोरियन शिन ते-योंग होते. आशियाई चषकाच्या उपांत्य सामन्यात जॉर्डनकडून 0-2 अशी हार पत्करल्यावर फेब्रुवारी 2024 मध्ये ज्यांची गच्छंती झाली आणि ज्यांच्या रिकाम्या जागी अखेर हाँग आले, ते क्लिन्समनही परदेशीच होते.