त्या दोन रेघांच्या मेसेजबद्दल खुलासा

मैत्रिणींनो, 'लघवीत पट्टी बुडवा, दोन गडद रेघा आल्या की पाळी कायमची गेली, गर्भनिरोधक बंद करा' हा मेसेज आपल्या कोथरूडच्या ग्रुपवर रविवारी मीच टाकला होता. तो चुकीचा आहे. पाळी गेली का ते घरी तपासायच्या या पट्टीला फक्त त्या दिवशी एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं संप्रेरक) वाढलंय एवढंच कळतं, आणि पाळी जायच्या आधीची काही वर्षं ते सारखं वरखाली होतं. माझ्या पट्टीवर चांगल्या ठसठशीत रेघा उमटल्या. तीन आठवड्यांनी पाळी हजर! (पट्टीचे पैसे गेले ते गेलेच.) डॉक्टरबाई म्हणाल्या, पंचेचाळिशीनंतर सलग 12 महिने पाळी आली नाही, तरच रजोनिवृत्ती धरतात. गर्भनिरोधक मात्र शेवटच्या पाळीनंतर, पन्नाशीच्या आत असाल तर 2 वर्षं, पुढे असाल तर 1 वर्ष चालू ठेवायचं. चाळिशीच्या आतच पाळी थांबली तर पट्टीच्या भानगडीत न पडता डॉक्टरांकडे जा. जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.