‘बायबल मतदानानं ठरलं’ म्हणे! एका फॉरवर्डला उत्तर

नायसियाच्या परिषदेला, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंच्या ३२५ सालच्या मोठ्या सभेला, २०२५ साली सतराशे वर्षं झाली. त्या निमित्तानं असेल, वडोदऱ्यातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर एक जुनाच मजकूर पुन्हा फिरू लागलाय. दांडिया बाजारात राहणाऱ्या एका स्नेही काकांनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, “तुम्ही ख्रिस्ती, तुमचं काय म्हणणं?” विचारलंच आहे, तर सांगते.

मजकूर थोडक्यात असा: बायबलमध्ये कोणती पुस्तकं ठेवायची हे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं ३२५ साली मतदान घेऊन ठरवलं आणि उरलेली जाळली. भाषांतराचं भाषांतर होत होत मूळ केव्हाच हरवलं. कॅथलिकांचं बायबल वेगळं, प्रोटेस्टंटांचं वेगळं. ख्रिस्ती लोक ते अक्षर न् अक्षर आभाळातून पडलं असं मानतात. आणि चर्चमध्ये त्याचा उपयोग एवढाच, की पाद्री म्हणेल ते लोकांनी मुकाट ऐकावं.

पहिला आणि शेवटचा मुद्दा नीट बोलण्यासारखा आहे. मधले भराभर उरकते.

“कॉन्स्टंटाइननं मतदान घेतलं”

नायसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. परिषद कॉन्स्टंटाइननंच बोलावली, हे खरं. पण वाद होता अरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणुकीचा: पुत्र (येशू) पित्याच्याच (देवाच्या) तत्त्वाचा, की निर्माण केलेला? त्यावरून विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो याचं ठरावीक निवेदन, तयार झाला, ईस्टरच्या तारखेचा घोळ मिटवायचं ठरलं आणि वीस नियम झाले. ते वीसही नियम आज वाचायला मिळतात. धर्मसेवकांनी व्याजबट्टा करू नये, रविवारी गुडघे न टेकता उभ्यानं प्रार्थना करावी, अशा धर्तीचे. कोणती पुस्तकं घ्यायची आणि कोणती नाही, यावर त्यांत एकही नियम नाही.

मग ही गोष्ट आली कुठून? नवव्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रीक संकलनात ती सापडते. परिषदेनं सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली, तेव्हा खरी वर निघाली आणि खोटी खाली राहिली, अशी ती चमत्काराची कथा. अठराव्या शतकात फ्रेंच लेखक व्होल्तेरनं टिंगल करत ती सगळीकडे पोचवली आणि अलीकडे एका इंग्रजी रहस्यकादंबरीनं कॉन्स्टंटाइनच्या कटाची फोडणी दिली. परिषदेनंतर साडेपाचशे वर्षांनी लिहिलेली आख्यायिका आज आपल्या फोनवर ‘लपवलेला इतिहास’ म्हणून येते.

यादी तिथं ठरली असती, तर पुढं वाद उरायला नको होता. तो उरला. साधारण ३५० साली यरुशलेमचा बिशप सिरिल यानं दिलेल्या यादीत प्रकटीकरण, म्हणजे आजच्या बायबलचं शेवटचं पुस्तक, नाही. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या भागाची, आजची नेमकी सत्तावीस पुस्तकं पहिल्यांदा एकत्र दिसतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात. हा माणूस तरुणपणी नायसियाला हजर होता, तरी यादी देताना परिषदेचा हवाला देत नाही. उत्तर आफ्रिकेत हिप्पो आणि कार्थेजच्या सभांनी ३९३ आणि ३९७ साली तीच यादी मान्य केली. सिरियाकडच्या मंडळ्या मात्र बराच काळ बावीसच पुस्तकं वाचत होत्या.

माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: याद्या होण्याआधी लोक काय वाचत होते? साधारण १५५ साली जस्टिन नावाचा ख्रिस्ती विचारवंत रोममधल्या रविवारच्या सभेचं वर्णन करतो. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचले जातात, वाचन संपलं की अध्यक्ष उठून बोध करतो. क्रम पाहा, आधी वाचन आणि मग माणसाचं बोलणं. १८० साली कार्थेजमध्ये काही साध्यासुध्या ख्रिस्ती लोकांवर खटला चालला. अधिकाऱ्यानं विचारलं, तुमच्या पेटीत काय आहे? उत्तर मिळालं, पुस्तकं, आणि पौल नावाच्या नीतिमान माणसाची पत्रं. त्याच सुमारास इरेनियस नावाचा बिशप लिहितो की शुभवर्तमानं, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारी पुस्तकं, चारच, कमी नाहीत की जास्त नाहीत.

आणि जाळण्याची गोष्ट. ३०३ साली, नायसियाच्या बावीस वर्षं आधी, रोमन सम्राट डायोक्लेशनच्या हुकुमानं ख्रिस्ती लोकांचीच शास्त्रं जप्त करून जाळली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता गावात झालेल्या झडतीचा पंचनामा शिल्लक आहे. अधिकारी प्रार्थनाघरात गेले, तर हाती एकच मोठा ग्रंथ लागला. बाकीचे वाचकांकडे, म्हणजे सभेत शास्त्र वाचून दाखवणाऱ्यांकडे, असतात, असं कळलं. वाचक कोण, नावं सांगा, म्हटल्यावर तिथले सेवक म्हणाले, आम्ही फितूर नाही. मग घरोघर फिरून ग्रंथ काढले, व्याकरण शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या घरून दोन पोथ्या आणि चार सुट्या वह्या निघाल्या. कॉन्स्टंटाइननंही पुढं जाळण्याचा हुकूम काढला, पण तो अरियसच्या लिखाणाचा. शास्त्रांच्या मात्र पन्नास प्रती त्यानं आपल्या नव्या राजधानीतल्या चर्चसाठी लिहवून घेतल्या. जी पुस्तकं लोक जिवावर उदार होऊन घरात दडवत होते, ती ‘निवडायला’ बावीस वर्षांनी सम्राट कशाला हवा होता?

मराठी माणसाला हे कळायला अवघड जाऊ नये. तुकोबांची गाथा मुंबई सरकारच्या मदतीनं १८६९ ते १८७३ या काळात छापली गेली. म्हणून तुकोबांच्या अभंगांना अधिकार इंग्रज सरकारनं दिला, असं देहूच्या वाटेवर कुणाला सांगून पाहा.

“भाषांतराचं भाषांतर, मूळ हरवलं”

वडोदऱ्यात हा मुद्दा करणं जरा धाडसाचंच. आमच्या फतेहगंजात रविवारची उपासना गुजरातीत होते. मांडीवर माझं मराठी बायबल असतं, लेकाच्या मोबाइलवर इंग्रजी, शेजारच्या बाकावर कुणाकडे हिंदी. शास्त्रपाठ चालू असताना चारही डोळ्यांखालून जातात. ढंग वेगळा असतो, एखादं वाक्य कुणी लांबवलेलं असतं, पण गुजरातीत योनाला माशानं गिळलं आणि मराठीत सोडून दिलं, असं अजून झालेलं नाही.

साखळी अशी नाहीच. जुना करार हिब्रू आणि थोडा अरामी, नवा करार ग्रीक, आणि आजची भाषांतरं या भाषांतल्या हस्तलिखितांकडे जाऊन होतात. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं, तुकड्यांसकट, पाच हजारांवर आहेत. त्यांत पाठभेद आहेत, भरपूर आहेत. बहुतेक स्पेलिंगचे, शब्द मागेपुढे झाल्याचे. काही मोठेही आहेत: मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या आणि योहानातली व्यभिचाराच्या आरोपात धरून आणलेल्या बाईची गोष्ट सर्वांत जुन्या प्रतींत नाही. हे कुणी लपवलेलं नाही, नव्या आवृत्त्यांत बहुधा कंस किंवा तळटीप असते. प्रती ताडून पाठ शुद्ध करण्याचं आपल्याला अप्रूप नसावं, एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीबाबत तेच केलं. आणि १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांतून यशयाची जी गुंडाळी हाती आली, ती तोवरच्या हिब्रू प्रतींपेक्षा हजारेक वर्षांनी जुनी. किरकोळ फरक पुष्कळ निघाले, ग्रंथ तोच निघाला.

पंडिता रमाबाईंचं नाव इथं घ्यायलाच हवं. संस्कृतात मुरलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली, ती साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणण्यासाठी. १९२२ साली त्या गेल्या, दोन वर्षांनी ते छापून आलं. केडगावच्या त्यांच्या मुक्ती आश्रमातल्या बायकांनीच खिळे जुळवले आणि छपाई केली.

“कॅथलिकांचं वेगळं, प्रोटेस्टंटांचं वेगळं”

खरं आहे. त्र्याहत्तर आणि सहासष्ट. फरक जुन्या करारातल्या सात पुस्तकांचा, जी ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या वापरात होती आणि हिब्रू संग्रहात नव्हती. इथिओपियाच्या चर्चकडे तर एक्याऐंशी मोजतात. पण येशूबद्दल जे सांगायचं ते ज्या नव्या करारात आहे, ती सत्तावीस पुस्तकं कॅथलिक शेजाऱ्यांच्या घरीही तीच आहेत. शिवाय एकाच सम्राटानं सगळं ठरवून दिलं होतं, तर हा फरक राहिला कसा? मजकूर लिहिणाऱ्यानं आपलेच दोन मुद्दे एकमेकांसमोर उभे केलेत.

“आभाळातून पडलं असं मानतात”

असं शब्दशः मानणारे भेटतातही, चर्चेसमध्ये यावर मतभेद आहेत. पण पुस्तक स्वतः तसं म्हणत नाही. लूक सुरुवातीलाच सांगतो की त्यानं सगळ्याचा नीट शोध करून लिहिलंय. पौल करिंथकरांना लिहितो, मी अमक्या-तमक्याचा बाप्तिस्मा केला, आणखी कुणाचा केला असेल तर आठवत नाही. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला तर त्रोवस गावी राहिलेला अंगरखा आणायला सांगतो. देवाची प्रेरणा आणि माणसाचा विसरभोळेपणा एकाच पानावर आहेत, आणि चर्चनं ते खोडलं नाही.

“पाद्री म्हणेल ते मुकाट ऐका”

हे घडत नाही असं मी म्हणणार नाही. एखादी ओवी उचलायची आणि तिच्या जोरावर लोकांचा खिसा किंवा तोंड बंद करायचं, हे करणारे आहेत, आमच्यातही होऊन गेले. पण त्यांना अडवतं कोण?

एकदा एका घरच्या प्रार्थनासभेत बाहेरून आलेल्या उपदेशकानं जोरात सांगितलं की विश्वास पक्का असेल आणि दशांश (चर्चला द्यायचा कमाईचा दहावा भाग) वेळेवर असेल, तर घरात दुखणं येणारच नाही. कोपऱ्यातल्या आजींनी चष्मा पुसला आणि विचारलं, “साहेब, ए क्यां लख्युं छे?” (हे कुठं लिहिलंय?) त्यांनी कुठलीशी ओवी सांगितली. आजींनी तीमथ्याचं दुसरं पत्र काढून वाचून दाखवलं: पौलाचा सोबती त्रफिम आजारी पडला म्हणून पौलानं त्याला मिलेतात ठेवलं. मग पहिलं पत्र काढलं: तीमथ्याचं पोट आणि त्याची वारंवारची दुखणी. “आमनो विश्वास काचो हतो?” (यांचा विश्वास कच्चा होता?) उपदेशक पुढच्या गीताकडे वळले. आजींची शाळा चौथीपर्यंतची. त्या खोलीत पदवी, माइक आणि पाहुणेपण सगळं उपदेशकाकडे होतं, आजींकडे फक्त पुस्तक होतं.

याला शास्त्रातच आधार आहे. प्रेषितांच्या कृत्यांत सतराव्या अध्यायात बिरुयाचे लोक खुद्द पौलाचं बोलणं शास्त्राशी ताडून पाहतात, तेही रोज, आणि लूक त्याबद्दल त्यांना नावाजतो. मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या दीक्षाविधीत पाळकाला वचन सांगण्याचा अधिकार देताना त्याच्या हाती बायबल देतात. कॅथलिक चर्चमध्ये धर्माधिकाऱ्यांचं स्थान मोठं, तरी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली स्पष्ट लिहिलं की शिकवण देणारा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याचा सेवक आहे.

लोकांना मुकाट ठेवायचं होतं त्यांनी बायबल लोकांच्या हाती दिलं नाही. इंग्रजीत ते आणणाऱ्या विल्यम टिंडलला १५३६ साली गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं गेलं. त्यातून मोशे आपल्या लोकांना मिसरातून सोडवून नेतो ती कथा गाळली होती. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वचनही गाळलं होतं. जुन्या कराराचा तर बहुतेक भाग गायब. गुलामांनी आज्ञा पाळाव्यात एवढ्या ओव्या ठेवायच्या, तर छापणाऱ्यांना पुस्तकाला इतकी मोठी कात्री लावावी लागली.