‘एक जुना पुणेकर’ यांस

नमस्कार. (नाव लिहायला काय हरकत होती?)

‘पुण्याहून अस्सल काय न्यावं’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. आधी चूक कबूल करतो. पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन २००९ मध्ये मिळालं, मी २०१० लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. आभार.

तुळशीबागेत मिळणाऱ्या तांब्याच्या बाटल्या यंत्रावरच्या असतात, त्यांना अस्सल पुणेरी म्हणू नये, असं आपलं म्हणणं. बरं. पण पुढे ‘लेखकमहाशयांनी तांबट आळीत पाऊल तरी ठेवलंय का?’ हे कशाला? मत वेगळं असू शकतं हो, पण हा सूर?

ठेवलंय पाऊल. माझं आजोळ कसब्यात, तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबटांच्या त्या आळीपासून हाकेच्या अंतरावर. मे महिन्याच्या सुट्टीत सकाळी जाग यायची तीच ठोक्यांनी. आजीचा पाणी तापवायचा बंब गळायला लागला की मामा तो सायकलच्या कॅरिअरला बांधून आळीत न्यायचा आणि मागून धरायचं काम माझं. मग दुरुस्ती होईपर्यंत मी उंबऱ्यावर बसून. मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीने ओळीत ठोके देणं, ही नुसती नक्षी नव्हे, हे मला तिथे कळलं. मऊ पत्रा ठोकून ठोकून कडक होतो, भांडं चेपत नाही, म्हणून ते ठोके. ओळ सरकल्यासारखी वाटली की हातोडी थांबायची, भांडं उजेडाकडे धरून बघितलं जायचं, मग पुन्हा ठक ठक. आजीचं घंगाळ आज माझ्याकडे आहे. बाहेरून बोट फिरवलं की ठोक्यांच्या ओळी हाताला लागतात आणि काठाखाली एके ठिकाणी एक ओळ किंचित चुकलेली आहे. या, दाखवतो. फोन करून या.

आणि तुम्ही मला आळी शिकवणार!

बाटल्यांचं म्हणाल तर मी ‘तांब्याची’ लिहिलं होतं, ‘हाताने घडवलेली’ असं कुठेही म्हटलेलं नाही. ‘अस्सल’ शीर्षकात आहे, पण शीर्षकाला इतकं धरून बसायचं नसतं. शिवाय बाहेरगावहून आलेल्या माणसाकडे असतात दोन तास. तेवढ्यात त्याने तुळशीबागेतल्या रामाचं दर्शन घ्यावं, नातीसाठी पितळी भातुकली घ्यावी, की कसब्यातल्या गल्ल्या विचारत फिरावं?

लक्ष्मी रस्त्यावरच्या पैठण्यांबद्दल आपण बरंच सुनावलंय. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटसुलट सारखाच दिसतो, मागे धागे लोंबत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. लेखात जागा नव्हती. पार्किंग आणि भाव यांबद्दलच्या आपल्या तक्रारींवर काय बोलायचं?

यापुढे खरं नाव घातलंत तर उत्तर देईन, नाहीतर नाही.

आणि हो, विचारलंच आहे तर सांगतो. माझ्या टेबलावरची बाटली तुळशीबागेतलीच आहे. तीन वर्षं झाली, अजून गळत नाही.