टॅपेट वाजतंय? वायसर टाका!

सकाळी मोटरसायकल सुरू केली की पहिले दोन-चार सेकंद इंजिनातून टकटक येते आणि मग विरून जाते. रात्रभरात हायड्रॉलिक टॅपेटातलं, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट तेलानं भरणाऱ्या नळकांड्यातलं, तेल खाली उतरलेलं असतं, पंप ते परत वर पोचवतो, विषय संपतो. असे विषय संपवणाऱ्यांनी पुढं वाचू नये. हा लेख आहे तो सोलापुरात सात रस्त्याला सुरू झालेली टकटक विजापूर नाक्यापर्यंत सोबत घेऊन फिरणाऱ्यांसाठी. आणि त्यांतही ज्यांना ती आजच्या आज, जमल्यास जेवायच्या आत बंद करायची आहे त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट, तेलाची पातळी बघायची नाही. डिपस्टिक काढायची, फडक्याला पुसायची, परत घालून बघायची, हे अर्ध्या मिनिटाचं काम. आणि तेल कमी निघालं तर सगळा खेळच संपला. अर्धा लिटर तेल ओतून ज्याचा आवाज बंद झाला त्याला चहाच्या टपरीवर कोण विचारतं? तेल शेवटचं कधी बदललं तेही आठवू नका. मी जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास बदललं होतं हे मला पक्कं आठवत होतं. कुठल्या वर्षीच्या, तेवढं आठवत नव्हतं.

यानंतर निदान. त्यासाठी गाडी टपरीसमोर उभी करून इंजिन चालू ठेवायचं, बस्स. बोलावणं कुणालाच धाडावं लागत नाही. "काय मालक, टॅपेट लई वाजायलंय की," असं म्हणत पहिला येतो. दुसरा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटतो आणि सांगतो, कॅम गेलाय. तिसरा स्क्रूड्रायव्हर न लावताच सांगतो, पिस्टन. माझा पूर्व भागातला एक मित्र आहे, त्याचं बालपण यंत्रमागाच्या खटखटीत गेलंय. घरात बसून शेजारच्या कारखान्यातला कुठला माग बिघडलाय ते तो सांगू शकतो. तो म्हणाला, "आधी बंद कर बे गाडी. मागाचा आवाज बदलला की आम्ही आधी माग थांबवतो, मग बघतो." अशा माणसांना निदानाच्या वेळी दूर ठेवावं. मी त्याला चहा सांगायला पाठवलं.

आता थोडं ज्ञान. फार नको, उपायाच्या आड येतं. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटला टॅपेट हातानं सेट करावं लागायचं. मेस्त्री पुशरॉड, म्हणजे टॅपेटचा धक्का वर व्हॉल्व्हकडं पोचवणारा दांडा, दोन बोटांत धरून फिरवायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. ती बोटांची विद्या होती. हार्ली-डेव्हिडसननं 1948 च्या पॅनहेड इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आणली, आपल्याकडं बुलेटच्या नंतरच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात ती आली, आणि ही कटकट गेली. टॅपेटच्या पोटात एक छोटा प्लंजर, एक स्प्रिंग आणि मोहरीहून थोडी मोठी अशी एक गोळी असते. तेल गोळीला बाजूला सारून आत जातं, मग गोळी भोकावर बसते आणि ते आत कोंडलं जातं. फट भरून निघते ती या कोंडलेल्या तेलानं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा भार तेच पेलतं, पंप नव्हे. पंपाचं काम झिरपून गेलेलं थेंबभर तेल परत भरायचं, आणि त्याला मोठं प्रेशर लागतच नाही. हार्लीच्या ट्विन कॅम इंजिनाचं पुस्तक गरम इंजिन आयडलला, म्हणजे मूठ न पिळता चालू, असताना पाचेक पाउंड प्रेशर पुरेसं मानतं आणि 2000 आरपीएमला तीस-पस्तीस.

हा परिच्छेद वाचून झाला असेल तर विसरा. आपल्याला प्रेशर वाढवायचं आहे.

ऑइल लाइनवर एक प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह असतो. बाहेरून एक बोल्ट, आत बॉलपेनातल्यापेक्षा थोडी जाड स्प्रिंग, तिच्यापुढं एक गोळी किंवा नळकांड्यासारखा प्लंजर. प्रेशर ठरलेल्या मर्यादेपुढं गेलं की स्प्रिंग दबते आणि जादा तेल माघारी जातं. कुकरच्या शिट्टीचंही हेच काम. शिट्टी फार वाजते म्हणून घरात कुणी तिच्यावर वरवंटा ठेवत नाही, पण स्वयंपाकघरातली माणसं मुळातच भित्री. आपण बोल्ट काढायचा, स्प्रिंगच्या मागं एक वायसर टाकायचा, बोल्ट आवळायचा. वायसर कुठला, हे विचारू नका. मी शर्टाच्या खिशात सापडला तो टाकला. एकानं दोन टाकले होते, त्याची गाडी तेवढीच वाजते, पण तो जास्त समाधानी आहे.

यातली गंमत सोलापूरकराला दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळायला हवी, कारण प्रेशर या विषयात आपण नळावर पीएचडी केली आहे. चार-पाच दिवसांनी पाळी येते, नळाला करंगळीएवढी धार. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून धरा, धार फर्रकन समोरच्या भिंतीवर जाते. प्रेशर वाढलं की नाही? वाढलं. बादली लवकर भरली का? तो प्रश्न विचारायचा नाही. पंप तेल ढकलतो, वाटेत अडथळा आला की प्रेशर दिसतं. आता वायसरचं बघा. एप्रिलातली दुपार, पार्क चौकातला सिग्नल, हवेवर थंड होणारं इंजिन तव्यासारखं तापलेलं, तेल पाण्यासारखं पातळ, इंजिन आयडलला. टॅपेट नेमकी इथंच वाजतात. आणि इथं प्रेशर मुळात इतकं कमी असतं की रिलीफ व्हॉल्व्ह आधीपासून बंदच असतो. बंद दाराला आपण बाहेरून आणखी एक कडी लावलेली असते. फरक पडतो तो पहाटेच्या गारठ्यात, तेल घट्ट असताना आणि तुम्ही मूठ पिळताना. तेव्हा कुठं आवाज होता म्हणा. पण प्रेशर मिळतं, भरपूर.

ते डोळ्यांनी बघायचं असेल तर गेज बसवा. मी कॉम्प्रेसरवरचं जुनं गेज घेऊन हँडलला क्लॅम्प केलं. पहिल्या सकाळी काटा 35 ओलांडून 60 ला टेकला आणि मी अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवलं. दुपारी सिग्नलला तोच काटा आठावर आला, तेव्हा मी सिग्नलकडं बघत होतो. गेज असलेल्या माणसानं काटा कधी बघावा आणि कधी नाही, याला सवय लागते.

आवाज अजूनही आहे? मग तेल घट्ट करा. पुस्तकात 15डब्ल्यू-50 लिहिलं असेल; ते लिहिणाऱ्याला सोलापूरचा उन्हाळा काय माहीत? एकशेचाळीस नंबरचं गिअर ऑइल मिसळा, किंवा डब्यातून मधासारखं ओघळणारं ते अॅडिटिव्ह घाला. गरम इंजिनाचा आवाज खरोखर दबतो. सकाळी मात्र ते घट्ट तेल टॅपेटच्या बारीक भोकापर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि दोन सेकंदांची टकटक पावणेदोन मिनिटांची होते. तोवर तुम्ही अंघोळ करून या. कारचं तेल घातलंत तर आणखी मजा. आपल्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच तेलात भिजलेला असतो, म्हणून डब्यावर जासो एमए, ही अशा ओल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण, बघायची असते. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, क्लच घसरायला लागतो. तुळजापूरचा घाट चढताना इंजिन ओरडतं आणि गाडी विचार करत राहते. त्या ओरडण्यात टॅपेट ऐकूच येत नाही, हे मी उपायांच्या यादीत धरतो.

तेल जरा जास्तच ओतायलाही हरकत नाही. खाली क्रँक ते ताक घुसळल्यासारखं घुसळतो, फेस होतो, तो फेस टॅपेटात जातो. तेल दबत नाही, हवा दबते. पूर्वी एक टॅपेट वाजत होतं, आता चारही सुरात लागतात.

तिसऱ्या आठवड्यात फिल्टरच्या झाकणाच्या ओ-रिंगनं हार मानली. दारात नवीकोरी चादर वाळत घातलेली, मी गाडी तिच्याशेजारी लावली, पहाटे उठवून मूठ पिळली. त्या चादरीवर मोर होता. त्याला आता एक जादा डोळा आहे. घरच्यांनी मला काहीही म्हटलं नाही, फक्त चादर गाडीवर झाकायला दिली. तेव्हापासून ती तिथंच असते.

शेवटी अक्कलकोट रोडच्या बाजूच्या एका बोळातल्या मेस्त्रीकडं गेलो. पाटी नाही, कॅलेंडर दोन वर्षांपूर्वीचं. त्यानं आधी माझा वायसर काढला, निरखला आणि काही न बोलता परत माझ्या खिशात घातला. तेल काढलं, ते ओघळत नव्हतं, सरकत होतं. मग टॅपेट काढून रॉकेलच्या ताटलीत ठेवली. एकेक अंगठ्यानं दाबून बघितली. तीन दगडासारखी घट्ट. चौथं पाव दाबल्यासारखं आत गेलं. ते उघडून त्यानं गोळीखालून चिमट्यानं एक कण काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. लालसर, रबरासारखा, तिळाएवढा. गोळी त्याच्यामुळं नीट बसत नव्हती, कोंडायचं तेल झिरपून जात होतं.

"गॅस्केटची पेस्ट हाय ही," तो म्हणाला. "कव्हर बसवताना बोटानं थापली की जादाची आत गळून पडते. ही कुणी लावली मालक?"

गेल्या दिवाळीत सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून कव्हर मीच उघडलं होतं. गळू नये म्हणून अख्खी ट्यूब वापरली होती. अशा प्रश्नाचं उत्तर तुम्हीही घरून तयार करून न्यावं, ऐन वेळी तोंडातून खरं निघण्याचा धोका असतो.

"आधीच्या मेकॅनिकनं," मी म्हणालो.

"तरीच," म्हणत त्यानं माझ्या नखांकडं बघितलं. अंगठ्याच्या नखाच्या कडेला अजून थोडं लाल होतं.